एका गुणाचा प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक प्रश्न ठरलेला असतो. भारतातील पहिली महिला चित्रपट दिग्दर्शक कोण? चार पर्याय, त्यांपैकी एक फात्मा बेगम, गुण एक. विद्यार्थी गोल काळा करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. १९२६ साली स्वतःची चित्रसंस्था काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' हा मूकपट दिग्दर्शित करणाऱ्या बाईंना आपल्या सांस्कृतिक स्मरणात एवढीच जागा उरली आहे.

गेली काही वर्षे जमेल तसे, आणि मिळतील तसे, मूकपट पाहत आले आहे. साहित्य शिकवणाऱ्या बाईने हा उद्योग कशासाठी करावा, असे सहकाऱ्यांचे विचारून झाले आहे. त्याला माझे साधे उत्तर असे की, शब्दांवाचून गोष्ट कशी सांगतात हे पाहिल्यानंतर शब्दांनी सांगितलेल्या गोष्टींकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. ते असो. पण या निमित्ताने त्या काळातल्या दिग्दर्शिकांविषयी जे जे वाचायला मिळाले, त्यात 'पहिली' हा शब्द इतक्या वेळा भेटला, की त्याचीच शंका येऊ लागली. दादासाहेब फाळक्यांनाही आपण पहिले म्हणतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर किती सहज वावरते, त्यांची दृक्चमत्कृती कशी साधली जात असे, यावर आपण बोलत राहतो. बाईच्या बाबतीत मात्र 'पहिली' हे विधान प्रस्तावना न राहता उपसंहार होऊन बसते. जिथे चित्रपट पाहिला जात नाही, तिथे हा शब्द येतो आणि पाहण्याची जागा अडवून ठेवतो, असे माझे मत होत गेले.

आलिस गी यांचेच पाहा. जन्म १८७३ चा. पॅरिसमध्ये लेऑं गोमॉं यांच्याकडे त्या सेक्रेटरी होत्या. २२ मार्च १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी आपले यंत्र निमंत्रितांना दाखवले, तेव्हा प्रेक्षकांत त्या होत्या. कारखान्यातून बाहेर पडणारी माणसे पाहून इतरांना यंत्राचे कौतुक वाटले. या तरुणीला वाटले की याने गोष्ट सांगता येईल. मालकाने परवानगी दिली, अट एकच, टपालाचे काम मागे पडता कामा नये. त्यांच्या आठवणींनुसार 'ला फे ओ शू', म्हणजे कोबीची परी, हा इवलासा चित्रपट त्यांनी १८९६ साली केला. आज जो पाहायला मिळतो तो १९०० सालचा मानला जातो. मग १८९६ चा वेगळा होता का, होता तर तो जगातला पहिला कथाचित्रपट म्हणायचा का, यावर अभ्यासकांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. वाद निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. पण एका मिनिटाच्या त्या चित्रपटाच्या तारखेवर जेवढे लिहिले गेले, तेवढे त्यांच्या १९०६ च्या किंवा १९१२ च्या चित्रपटांवर लिहिले गेलेले नाही, ही गोष्ट खटकते.

१९०६ च्या सुमाराचा त्यांचा 'मादाम आ देझांव्ही' म्हणून एक चार-पाच मिनिटांचा चित्रपट आहे. आपल्या भाषेत 'बाईंचे डोहाळे'. गरोदर बाई रस्त्याने चालली आहे, मागे नवरा बाबागाडी ढकलतो आहे. बाई एका मुलाच्या हातातली साखरकांडी हिसकावते. एका माणसाच्या टेबलावरचा मद्याचा पेला उचलते. भिकाऱ्याचा मासा पळवते. फेरीवाल्याची चिलीम ओढते. प्रत्येक चोरीनंतर कॅमेरा जवळ येतो आणि साध्या भिंतीपुढे बाईचा चेहरा भरून राहतो. ती चोखते, पिते, चावते, धूर सोडते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरते त्याला कथानकात काहीच काम नाही. ते फक्त तिचे आहे. त्या काळी चेहऱ्याच्या इतके जवळ सहसा कोणी जात नसे. गेले तरी काहीतरी तपशील दाखवण्यासाठी. इथे तपशील म्हणजे बाईची तृप्ती. शेवटी धांदलीत ती कोबीच्या मळ्यात पडते आणि मूल तिथेच सापडते. स्वतःच्याच जुन्या परीकथेची ही थट्टा आहे. हे पाहिल्यावर कोबीच्या परीचे साल काहीही ठरो, ही बाई दिग्दर्शक होती याविषयी शंका राहत नाही.

डोहाळ्यांची आपल्याकडे किती गाणी आहेत. त्यांत हिरव्या साड्या आहेत, झोपाळे आहेत, चांदण्यातली जेवणे आहेत. पण त्यांतली गर्भवती नेहमी मागते, आणि घरचे पुरवतात. आलिसबाईंची नायिका मागत नाही, घेते. वर्गात हा चित्रपट दाखवला की मुली आधी हसतात आणि नंतर आपापसांत काहीतरी बोलू लागतात. त्या काय बोलतात ते मी विचारत नाही.

गोमॉंच्या चित्रनिर्मितीची सूत्रे जवळपास दशकभर त्यांच्या हाती होती. १९०६ साली ख्रिस्तचरित्रावर पंचवीस दृश्यांचा मोठा चित्रपट त्यांनी केला. लग्नानंतर १९०७ साली त्या अमेरिकेला गेल्या, १९१० साली सोलॅक्स ही स्वतःची कंपनी काढली, न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावात स्टुडिओ बांधला आणि नटांसाठी तिथे मोठ्या अक्षरांत 'बी नॅचरल' अशी पाटी लावली. १९२० नंतर त्यांना चित्रपट करायला मिळाला नाही. संसार मोडला, कंपनी गेली, १९२२ साली मुलांना घेऊन त्या फ्रान्सला परतल्या. तिथे त्यांना दिग्दर्शक म्हणून ओळखणारे कोणी नव्हते. गोमॉं कंपनीच्या इतिहासात त्यांचे नाव नव्हते. पुढे प्रतिष्ठित इतिहासकारांनी त्यांचे चित्रपट त्यांच्या सहायकांच्या नावावर टाकले. १९२७ साली त्या आपलेच चित्रपट शोधायला पुन्हा अमेरिकेत आल्या. एकही हाती लागला नाही. मग उरलेल्या आयुष्यात त्यांनी आठवतील तशी नावे लिहून याद्या केल्या आणि आत्मचरित्र लिहिले. १९६८ साली त्या गेल्या, तेव्हा ते अप्रकाशित होते. १९७६ मध्ये ते फ्रेंचमध्ये निघाले.

मला त्या याद्यांचे फार वाटते. लेखिकेचे पुस्तक विस्मरणात गेले तरी एखाद्या वाचनालयाच्या मागच्या कपाटात प्रत असते. चित्रपटाचे तसे नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. सहज पेट घेणारी, आणि पेटली नाही तर आपोआप सडून भुकटी होणारी. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १९१२ ते १९२९ या काळातल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. म्हणजे आपण ज्याला मूकपटांचा इतिहास म्हणतो तो बराचसा अपघाताने वाचलेल्या रिळांचा इतिहास आहे.

वाचलेली रिळेही आपण बहुतेकदा चुकीच्या तऱ्हेने पाहिलेली असतात. मूकपट म्हटले की डोळ्यांपुढे तुरुतुरु चालणारी, झटके दिल्यासारखे हातवारे करणारी माणसे येतात. ती तशी चालत नसत. कॅमेरा हाताने फिरवला जाई, सेकंदाला सोळा ते वीसच्या आसपास चौकटी टिपल्या जात. बोलपट आल्यावर यंत्रे सेकंदाला चोवीस चौकटींवर पक्की झाली आणि जुनी रिळे त्याच वेगाने पळवली गेली. विसाव्या शतकातल्या कित्येक पिढ्यांनी आपल्या पणज्या-पणजोबांना पळताना पाहिले ते यामुळे. वेग दुरुस्त केलेली, स्वच्छ प्रत पहिल्यांदा पाहिली की माणसे एकदम भारदस्त होतात. त्यांना वजन येते. मूकपट पाहू इच्छिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती असते, की प्रत चांगली शोधा, आणि पहिली दहा मिनिटे हसू आले तरी थांबा.

दहा मिनिटांवरून आठवले. लोइस वेबर यांचा १९१३ सालचा 'सस्पेन्स' बरोबर एवढाच आहे. तो त्यांनी पती फिलिप्स स्मॉली यांच्यासह दिग्दर्शित केला. आडगावी घर, तान्ह्या मुलासह एकटी बाई, कामवाली नोकरी सोडून गेलेली, दाराशी भटका गुंड, आणि शहरातल्या कचेरीत टेलिफोनवर नवरा. ग्रिफिथने १९०९ साली 'द लोनली व्हिला'त हीच गोष्ट आधी सांगितली होती. पण वेबर यांनी पडदा तिरक्या रेषांनी तिघांत वाटला. एका कोनात फोनवर बाई, एका कोनात घरात शिरणारा गुंड, मधल्या त्रिकोणात नवरा. पाठलागाच्या वेळी मागून येणारी पोलिसांची मोटार दिसते ती पुढच्या मोटारीच्या आरशात. बाईची भूमिका वेबर यांनीच केली आहे. खिडकीतून त्या खाली पाहतात आणि गुंड सरळ वर, आपल्याकडे पाहतो. हे दृश्य आजही चरकवते.

पण कारागिरीसाठी वेबर यांच्याकडे जावे असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे जावे ते वस्तूंसाठी. चपला, खुर्च्या, बशा, गालिचे. घरातली वस्तू घराविषयी काय बोलते हे त्यांना जेवढे कळत होते, तेवढे त्यांच्या काळातल्या फार थोड्या दिग्दर्शकांना कळत असावे. १९१६ सालच्या 'शूज'मधली ईव्हा मायर स्वस्त वस्तूंच्या दुकानात उभी राहून विक्री करते. आठवड्याला पाच डॉलर. बाप धडधाकट, पण बिछान्यात पडून पुस्तके वाचतो. (साहित्याच्या प्राध्यापकांनी हा भाग मान खाली घालून पाहावा.) आई धुणी धुते, धाकट्या बहिणी आहेत, सगळा पगार घरात जातो. ईव्हाच्या बुटांचे तळ गेले आहेत. ती पुठ्ठ्याचे तुकडे कापून आत घालते. पाऊस येतो, पुठ्ठा भिजतो, विरघळतो. रात्री पुन्हा नवा तुकडा. चित्रपटात यापलीकडे बराच वेळ काही घडत नाही. काचेमागचे नवे बूट, दिवसभर उभे राहिलेले पाय, गरम पाण्याचे भांडे. एक गाणारा माणूस तिच्यावर डोळा ठेवून आहे. शेवटी एका संध्याकाळी ती त्याच्याकडे जाते, आणि दुसऱ्या दिवशी नवे बूट घालून घरी येते. आईला सांगावे लागत नाही. आणि त्याच वेळी बाप नोकरी लागल्याची बातमी घेऊन येतो.

गोष्ट म्हणून पाहिले तर हा शेवट जुळवून आणलेला आहे. नाट्यमय उपरोधाचा मोह वेबर यांना आवरला नाही. तरीही चित्रपट ढासळत नाही, कारण तोपर्यंत आपण जवळपास तासभर एका मुलीच्या तळपायांबरोबर चाललो आहोत. तिची चूक की बरोबर हा प्रश्न विचारण्याइतकी उंच जागा आपल्याला उरलेलीच नसते.

या चित्रपटाचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १९३२ साली, बोलपटांच्या भरात, युनिव्हर्सल कंपनीने आपलाच हा चित्रपट कापून एक छोटी विनोदी फीत तयार केली. वर चेष्टेचे निवेदन घातले आणि 'द अनशॉड मेडन' या नावाने लोकांना हसवण्यासाठी दाखवली. लोइस वेबर तेव्हा हयात होत्या. १९१६ मध्ये याच कंपनीच्या त्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या दिग्दर्शकांत गणल्या जात. सोळा वर्षांनी त्यांच्या कामाचे हसे तीच कंपनी करत होती. आणि नियतीचा खेळ असा, की अनेक दशकांनी ॲमस्टरडॅमच्या चित्रपट संग्रहालयाने तिथे सापडलेल्या प्रतींवरून 'शूज'चे पुनरुज्जीवन केले, तेव्हा या चेष्टेच्या फितीतल्या चौकटीही कामी आल्या.

'द ब्लॉट' हा १९२१ सालचा चित्रपट मात्र मी निःसंकोचपणे थोर म्हणेन, आणि त्यात माझा पक्षपात आहे हेही सांगून टाकते. विषय आहे महाविद्यालयीन शिक्षकाचे दारिद्र्य. प्राध्यापक ग्रिग्ज, त्यांची पत्नी, ग्रंथालयात काम करणारी मुलगी अमेलिया. शेजारी ओल्सन नावाचे चर्मकाराचे कुटुंब; त्यांचा धंदा तेजीत, घरात मुबलक अन्न, आणि पुस्तकी शेजाऱ्यांविषयी बाईंच्या मनात उघड अढी. ग्रिग्जबाईंची मांजर त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालते. विश्वस्ताचा श्रीमंत, उनाड मुलगा फिल ग्रिग्जसरांचा विद्यार्थी आहे. अमेलियासाठी म्हणून तो त्यांच्या घरी येतो आणि बसल्या बसल्या खोली पाहू लागतो. त्याच्या नजरेबरोबर कॅमेरा विरलेल्या गालिच्यावर जातो, फाटक्या खुर्चीवर जातो. कोणी काही बोलत नाही. यजमानीणबाई ते पाहणे पाहतात.

माझे वडील विनाअनुदानित शाळेत शिक्षक होते. अनुदान यायला जी वर्षे लागली त्या वर्षांत आमच्याकडे एक वेताची खुर्ची होती, तिची बैठक एका बाजूने उसवलेली. पाहुणे आले की आई त्यावर क्रोशाचा रुमाल घाली आणि मला त्या खुर्चीत बसवून ठेवी. मोठ्यांसमोर खुर्चीत बसणारी मुलगी आगाऊ ठरली तरी चालेल, पण त्या खुर्चीत पाहुणे बसता कामा नयेत. हे मी कुणाला कधी सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नव्हते. फिलची नजर गालिच्यावर गेली तेव्हा मला ती खुर्ची आठवली, आणि त्याहून अधिक, रुमाल सरळ करणारे आईचे हात.

चित्रपटाचा मध्य एका कोंबडीभोवती फिरतो. अमेलिया आजारी पडते, डॉक्टर सकस आहार सांगतात, घरात पैसे नाहीत. शेजारणीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे आणि आत कोंबडी ठेवलेली आहे. ग्रिग्जबाई हात घालतात. कोंबडी उचलतात. मग त्यांना ते सहन होत नाही आणि त्या ती परत ठेवतात. अमेलिया खिडकीतून पाहते ते पहिले अर्धेच. आई चोर आहे असे समजून ती पुढचा काही काळ जगते. संवाद नाहीत. पाट्याही अगदी मोजक्या. एखाद्या कादंबरीकाराने या दोन मिनिटांसाठी दहा पाने घेतली असती आणि बाईंच्या मनात काय चालले ते सगळे सांगितले असते. वेबर फक्त खिडकी, हात आणि कोंबडी दाखवतात. बाकी मार्गारेट मॅक्वेड या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर सोपवतात.

मी स्वतः काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. ज्यांना ही संज्ञा ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा, आणि सुट्टीत काहीच नाही. हा चित्रपट आमच्या विभागात दाखवला तेव्हा शेवटच्या रांगेत असाच एक तरुण सहकारी बसला होता. दिवे लागल्यावर विद्यार्थी कोंबडीवर आणि फिलच्या हृदयपरिवर्तनावर बोलत राहिले. हा गप्प. नंतर जिन्यात म्हणाला, "मॅडम, त्या पोराला गालिचा दिसला ना, माझा पिक्चर तिथंच संपला."

चित्रपटात फिल आपल्या वडिलांना 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकातला अध्यापकांच्या तुटपुंज्या पगारावरचा लेख दाखवतो. तो लेख त्याच वर्षीचा, खरा आहे. वडील मुकाट्याने पटवून घेतात. श्रीमंताला लेख दाखवला की तो बदलतो, ही वेबर यांची श्रद्धा आज भाबडी वाटते. तशा त्या मूळच्या धर्मप्रचारक वृत्तीच्या; तरुणपणी त्यांनी गरीब वस्त्यांत सेवाकार्य केले होते आणि चित्रपटाकडे त्या प्रवचनपीठ म्हणूनच पाहत. या वृत्तीची दुसरी बाजूही आहे. १९१६ सालच्या 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?' मध्ये त्या संततिनियमनाचा पुरस्कार करतात, हे त्या काळात धाडसाचे. पण गरिबांनी मुले होऊ देऊ नयेत आणि सुस्थितीतल्या स्त्रियांनी गर्भपात करून कर्तव्य टाळू नये, असा त्याचा एकंदर सूर आहे. सुप्रजननशास्त्राची छाया त्यावर गडद आहे. स्त्री-दिग्दर्शिकांच्या गौरवाच्या लेखांत हा चित्रपट घाईने ओलांडला जातो. मला ते पटत नाही. 'पहिली' म्हटले की बाई पुतळा होते, आणि पुतळ्याशी वाद घालता येत नाही. वेबर यांच्याशी वाद घालावासा वाटतो, इतके त्यांचे काम जिवंत आहे.

एवढ्या बायका होत्या, तर गेल्या कुठे? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन चित्रपट हा मोठ्या भांडवलाचा धंदा झाला, छोट्या कंपन्या बुडाल्या किंवा गिळल्या गेल्या, आणि सुरुवातीच्या अव्यवस्थेत बायकांना जी मोकळीक सापडली होती ती व्यवस्था येताच संपली. वेबर यांचा शेवटचा चित्रपट १९३४ चा 'व्हाइट हीट'. तो हरवला आहे. त्या १९३९ साली गेल्या. 'द ब्लॉट' सुद्धा विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत हरवलेलाच मानला जात होता. फ्रान्समध्ये जर्मेन द्युलॅक, जर्मनीत काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापून 'प्रिन्स अखमद' उभा करणाऱ्या लोटे रायनिगर, रशियात झारच्या घराण्याच्याच जुन्या फिती जोडून १९२७ साली त्या घराण्याचा अस्त दाखवणाऱ्या एस्फिर शुब, यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

मला जिथे यायचे होते तिथे आता येते. फात्मा बेगम. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या. १९२२ च्या 'वीर अभिमन्यू'त त्यांनी भूमिका केली. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळाली नव्हती, ती पुरुषाला करावी लागली होती, याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या, तरी कुलीन घरांचा दरवाजा बंदच होता. अशा काळात एका बाईने मुंबईत फात्मा फिल्म्स काढली, परीकथेचा विषय निवडला, दिग्दर्शन केले. आपल्या तिन्ही मुलींना, सुलताना, झुबेदा आणि शहजादी यांना, पडद्यावर आणले. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला तेव्हा त्याची नायिका झुबेदाच होती. फात्मा बेगम १९८३ पर्यंत जगल्या. मूकपटांतून आलेल्या कमलाबाई गोखल्यांवर रीना मोहन यांनी वेळेत माहितीपट केला, म्हणून त्यांचा आवाज आपल्याजवळ आहे. त्यांच्या बाबतीत तेवढे तरी झाले.

'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत आज ज्ञात नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले; त्यांतले पूर्ण वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी तुकडे. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांची रिळे माणसामाणसाकडे जाऊन गोळा केली, म्हणून तेवढे तरी उरले. तिथल्याही नायट्रेट फिल्मना ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी किती रिळे विकली गेली त्याला गणतीच नाही.

तेव्हा फात्मा बेगम चांगल्या दिग्दर्शक होत्या का, हे मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येत नाही. आलिस गी यांच्यावर प्रेम करता येते, वेबर यांच्याशी भांडता येते; फात्मा बेगम यांच्या बाबतीत दोन्ही शक्य नाही. त्यांच्यासाठी 'पहिली' हा शब्द वापरताना आपण त्यांचा सन्मान करतो आहोत, की आपल्या हाती दुसरे काहीच नाही हे झाकतो आहोत, हे एकदा स्वतःशी कबूल करायला हवे. मी तो प्रश्न वर्गात आता वेगळ्या तऱ्हेने विचारते : फात्मा बेगम यांच्या दिग्दर्शनाविषयी आपण काय म्हणू शकतो, आणि का म्हणू शकत नाही? याला गुण पाच ठेवले आहेत. उत्तरे फारशी बरी येत नाहीत.

रिळे कधी कुठे निघतील याचा मात्र नेम नसतो. कलकत्त्याच्या मादन यांचा १९१९ सालचा 'बिल्वमंगल' असाच गेला म्हणून धरला होता. त्याचा एक तुकडा पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये होता आणि २०१६ साली पुण्याला आला. तसा उद्या 'बुलबुल-ए-परिस्तान'चा एखादा तुकडा कुठल्या परदेशी तळघरात निघाला, तर वर्तमानपत्रे पुन्हा तोच शब्द छापतील. मला मात्र त्यात पाहायचे आहे ते वेगळेच. परी उडते कशी, हे नव्हे. ते यंत्राचे काम. परी जमिनीवर उतरल्यानंतर एखाद्या वेळी कॅमेरा जवळ जातो का, आणि गेलाच तर तिथे किती वेळ थांबतो.